सी भाषेत नेटवर्क कनेक्शन कसं उघडतात? सॉकेट, बफर आणि वेळेवर 'फ्लश' करण्याची गोष्ट

सी भाषा ज्यांनी एकदा तरी हाताळली आहे, मग ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'मधून असो की वर्गातल्या नोट्सवरून, त्यांना फाईल उघडायची पद्धत पाठ असते. उघडायला एफओपन, लिहायला एफप्रिंटएफ, ओळ वाचायला एफगेट्स आणि काम झालं की एफक्लोज. चार फंक्शन्स, विषय संपला.

पण तीच ओळ दुसऱ्या शहरातल्या कॉम्प्युटरला पाठवायची असेल तर? तिथे एफओपन चालत नाही. तिथे लागतं सॉकेट.

व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज असो, यूपीआयचं पेमेंट असो की रेल्वेचं तिकीट, खाली कुठेतरी एका प्रोग्रामने दुसऱ्या कॉम्प्युटरकडे सॉकेट उघडलेलं असतं. आणि गंमत म्हणजे एकदा ते उघडलं की फाईलसाठीची ओळखीची फंक्शन्स त्यावरही चालवता येतात. त्यालाच बफर असलेलं सॉकेट कनेक्शन म्हणतात. सोय मोठी आहे, पण काही ठिकाणी पाय घसरतो, आणि तसा पाय घसरल्यामुळे इंटरनेटच्या इतिहासात मोठे घोटाळे झालेले आहेत.

हे सगळं नेमकं कसं चालतं, ते क्रमाने बघूया.

सॉकेट आलं कुठून?

१९७४ साली व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी टीसीपीची मूळ कल्पना मांडली. पुढे १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेच्या अर्पानेट या नेटवर्कने जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपी स्वीकारला. आजच्या इंटरनेटचा पाया तो.

त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथून युनिक्सची एक आवृत्ती बाहेर पडली. नाव होतं ४.२ बीएसडी. तिच्यात प्रोग्रामरसाठी एक नवीन सोय होती, ती म्हणजे सॉकेट. म्हणूनच आजही या पद्धतीला 'बर्कली सॉकेट' म्हणतात.

युनिक्सचा एक जुना विचार आहे. कीबोर्ड असो, फाईल असो की प्रिंटर, प्रोग्रामला ते सगळं एकाच तऱ्हेने दिसावं. उघडलेल्या प्रत्येक गोष्टीला एक छोटा आकडा मिळतो. ० म्हणजे इनपुट, १ म्हणजे आउटपुट, २ म्हणजे एररचे संदेश. पुढे जे काही उघडाल त्याला सर्वात लहान रिकामा आकडा मिळतो, म्हणजे बहुतेक वेळा ३. या आकड्याला फाईल डिस्क्रिप्टर म्हणतात. बर्कलीच्या मंडळींनी सॉकेटलाही असाच आकडा दिला. त्यामुळे फाईलवर चालणारी रीड आणि राईट ही मूळ फंक्शन्स सॉकेटवरही चालू लागली.

एफप्रिंटएफ, एफगेट्स वगैरे ज्या लायब्ररीतून येतात ती स्टँडर्ड आय/ओ लायब्ररी मात्र याहून जुनी आहे. ती १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत आली. म्हणजे ती लिहिली गेली तेव्हा सॉकेट अस्तित्वातच नव्हतं. ती बनली फाईल आणि टर्मिनलसाठी. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच आहे, म्हणून ही गोष्ट लक्षात असू द्या.

बफर कशाला हवा?

तालुक्याच्या स्टँडवर उभी असलेली वडापची जीप आठवा. एक माणूस येऊन बसला म्हणून ड्रायव्हर गाडी सोडत नाही. सीटा भरल्या की मगच निघतो. कारण सोपं आहे. एक माणूस नेला काय किंवा दहा नेले काय, डिझेल जवळपास तेवढंच जळतं.

कॉम्प्युटरमध्येही प्रत्येक फेरीला खर्च असतो. तुमचा प्रोग्राम थेट नेटवर्क कार्डाला हात लावू शकत नाही. त्याला ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला विनंती करावी लागते. या विनंतीला सिस्टीम कॉल म्हणतात. प्रत्येक सिस्टीम कॉलच्या वेळी प्रोसेसर तुमचं काम बाजूला ठेवून कर्नलमध्ये जातो आणि परत येतो. ८१९२ बाईट एकेक करून लिहिले तर ८१९२ फेऱ्या. तेच आधी गोळा करून एकदम दिले तर एक फेरी.

ही गोळा करण्याची जागा म्हणजे बफर. तुमच्या प्रोग्रामच्या मेमरीतला एक तुकडा. वडापची जीपच म्हणा.

नेटवर्कवर तर हिशोब आणखी वाईट होतो. टीसीपीच्या प्रत्येक पॅकेटवर किमान २० बाईटचा आयपी हेडर आणि २० बाईटचा टीसीपी हेडर असतो. तुम्ही एकच अक्षर पाठवलं तरी तारेवर ४१ बाईट जातात. एका पोस्टकार्डासाठी चाळीस पोस्टकार्डांएवढ्या वजनाचं पाकीट! १९८४ च्या जानेवारीत जॉन नेगल या इंजिनिअरने आरएफसी ८९६ या दस्तऐवजात नेमका हाच हिशोब मांडला होता. त्याचं नाव पुढे परत येणार आहे.

दोन बफर असतात, त्यांची गल्लत करू नका

इथे नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो.

पहिला बफर तुमच्या प्रोग्रामच्या आत असतो. तो स्टँडर्ड आय/ओ लायब्ररी सांभाळते. एफप्रिंटएफने लिहिलेलं आधी इथे साठतं.

दुसरा बफर कर्नलच्या आत असतो. प्रत्येक सॉकेटला पाठवण्याचा एक आणि घेण्याचा एक असे दोन कप्पे मिळतात. हे नेहमीच असतात, तुम्ही मागा किंवा न मागा.

तुम्ही एफप्रिंटएफ केलंत, म्हणजे मजकूर पहिल्या बफरमध्ये बसला. एफफ्लश केलंत, म्हणजे तो पहिल्यातून दुसऱ्यात गेला. तिथून तो तारेवर कधी चढेल आणि पलीकडे कधी पोचेल, हे टीसीपी ठरवतं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या भाषेत सांगायचं तर एफप्रिंटएफ यशस्वी होणं म्हणजे मेसेजशेजारी नुसतं घड्याळाचं चिन्ह दिसणं. एफफ्लश यशस्वी झालं तरी मेसेज तुमच्याच कॉम्प्युटरच्या कर्नलकडे सोपवला गेलाय, इतकंच कळतं. समोरच्या प्रोग्रामला तो मिळाला याची खात्री एकाच गोष्टीने होते, ती म्हणजे त्याच्याकडून आलेलं उत्तर.

कनेक्शन उघडण्याच्या पायऱ्या

समजा, आपल्याला एखाद्या वेबसाईटच्या ८० नंबरच्या पोर्टवर साधी एचटीटीपी विनंती पाठवायची आहे. लिनक्स किंवा मॅकवर सी भाषेतून हे काम असं होतं.

१. पत्ता शोधा. साईटचं नाव आणि पोर्ट गेटअ‍ॅडरइन्फो या फंक्शनला द्यायचं. ते डीएनएसला विचारून आयपी पत्त्यांची यादी परत देतं. यादी यासाठी की एकाच साईटचे अनेक पत्ते असू शकतात, काही आयपीव्ही४चे, काही आयपीव्ही६चे. जुन्या पुस्तकांत यासाठी गेटहोस्टबायनेम दिसेल. त्याला आयपीव्ही६ नीट हाताळता येत नाही, त्यामुळे नव्या कोडमध्ये ते टाळा.

२. सॉकेट बनवा. यादीतल्या पहिल्या पत्त्याची माहिती देऊन सॉकेट हे फंक्शन बोलवायचं. ते डिस्क्रिप्टरचा आकडा देतं. उणे १ आलं तर काम फसलं. या क्षणी कुठलंही कनेक्शन झालेलं नाही. फोन हातात घेतलाय, नंबर लावायचा बाकी आहे.

३. जोडा. आता कनेक्ट. इथे टीसीपीची प्रसिद्ध तीन पावलांची ओळख होते. आपण सिन पाठवतो, समोरून सिन आणि अ‍ॅक येतं, आपण परत अ‍ॅक देतो. जमलं नाही तर ते सॉकेट बंद करून टाकायचं, यादीतला पुढचा पत्ता घ्यायचा आणि नवीन सॉकेटने पुन्हा प्रयत्न करायचा. फसलेल्या सॉकेटवरच परत कनेक्ट मारू नका. यादीचं काम संपलं की फ्रीअ‍ॅडरइन्फोने तिची मेमरी मोकळी करायची.

४. दुसरी प्रत काढा. डुप नावाचं फंक्शन त्याच कनेक्शनचा दुसरा डिस्क्रिप्टर देतं. एक वाचायला, एक लिहायला. दोन का लागतात, ते पुढे येतंच.

५. बफर चढवा. आता एफडीओपन. हे फंक्शन आधीच उघडलेल्या डिस्क्रिप्टरवर फाईलसारखा प्रवाह बसवतं. पहिल्या डिस्क्रिप्टरवर वाचण्याचा प्रवाह, दुसऱ्यावर लिहिण्याचा. बफर असलेलं कनेक्शन खऱ्या अर्थाने इथे तयार होतं. एफओपन सी भाषेच्या स्टँडर्डमध्ये आहे, एफडीओपन मात्र पॉसिक्स या युनिक्स परिवाराच्या स्टँडर्डमध्ये येतं.

६. बोला. एफप्रिंटएफने विनंतीच्या ओळी लिहायच्या. कोणतं पान हवं, कोणत्या होस्टचं, उत्तर देऊन झालं की कनेक्शन बंद कर, आणि शेवटी एक रिकामी ओळ. एचटीटीपीत प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाईन फीड अशी दोन अक्षरं लागतात, हे विसरू नका.

७. फ्लश करा. एफफ्लश. सगळ्यात महत्त्वाची पायरी. का, ते लगेच बघू.

८. ऐका आणि बंद करा. एफगेट्सने एकेक ओळ वाचत जायची. समोरच्याने कनेक्शन बंद केलं की एफगेट्स रिकाम्या हाताने परत येतं. मग दोन्ही प्रवाहांवर एफक्लोज.

पत्त्याची रचना हाताने भरत असाल तर आणखी एक खड्डा आहे. नेटवर्कवर आकड्याचा मोठा बाईट आधी जातो. आपल्या लॅपटॉपमधल्या इंटेल वा एएमडीच्या प्रोसेसरमध्ये लहान बाईट आधी असतो. एचटूएनएस हे फंक्शन हा क्रम बदलून देतं. ते विसरलात तर ८० नंबरचा पोर्ट समोर २०४८० म्हणून पोचतो, आणि 'सर्व्हर चालू आहे तरी कनेक्ट का होत नाही' म्हणून माणूस डोकं धरून बसतो. गेटअ‍ॅडरइन्फो वापरलं तर ही भानगडच राहत नाही.

बफरचे तीन स्वभाव

स्टँडर्ड लायब्ररीत बफर तीन तऱ्हांनी चालतो.

पूर्ण बफर: जीप भरली की सुटणार. फाईल आणि सॉकेट यांना आपोआप हाच प्रकार मिळतो.

ओळीचा बफर: वऱ्हाडाची गाडी. सगळे आले, म्हणजे ओळ पूर्ण झाली, की निघाली. आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर हा प्रकार असतो.

बफरच नाही: स्पेशल रिक्षा. एक माणूस आला तरी सुटते. एररच्या संदेशांसाठी हाच प्रकार ठेवलाय, कारण प्रोग्राम कोसळताना शेवटचा संदेश बफरमध्ये अडकून चालत नाही.

यातला प्रकार आणि बफरचा आकार सेटव्हीबफ या फंक्शनने बदलता येतो. अट एकच. प्रवाह उघडल्यानंतर, पण त्यावर दुसरं काहीही करण्याआधी ते बोलवायचं. सी भाषेच्या स्टँडर्डनुसार बफरचा नेहमीचा आकार किमान २५६ बाईट असलाच पाहिजे. लिनक्सवरच्या ग्लिबसी लायब्ररीत बफसिझ या नावाची किंमत ८१९२ आहे.

आता एक प्रश्न पडेल. टर्मिनलवर तर प्रत्येक ओळ लगेच दिसते, मग तोच कोड सॉकेटवर गप्प का? उत्तर वर आहे. टर्मिनलवर वऱ्हाडाची गाडी होती, सॉकेटवर वडाप आहे.

फ्लश विसरलात तर काय होतं?

तुम्ही शंभर बाईटची विनंती लिहिली. जीपमध्ये जागा हजारोंची. गाडी स्टँडवरच उभी. तुम्ही मात्र विनंती गेली असं समजून उत्तराची वाट बघत एफगेट्समध्ये बसलात. पलीकडे सर्व्हर तुमच्या विनंतीची वाट बघतोय. दोघंही प्रामाणिकपणे थांबलेत आणि दोघंही कायमचे अडकलेत.

एरर येत नाही. प्रोसेसर निवांत असतो. स्क्रीनवर काहीच घडत नाही. नेटवर्क प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांचे तासन् तास या एका विसरलेल्या एफफ्लशने खाल्लेले आहेत.

म्हणून नियम साधा आहे. बोलणं संपवून ऐकायला बसण्याआधी फ्लश करा. प्रत्येक ओळीनंतर नको, नाहीतर बफरचा फायदाच गेला. एक पूर्ण निरोप, एक फ्लश.

आणि फ्लशने काय परत दिलं ते तपासा. एफप्रिंटएफच्या वेळी मजकूर फक्त बफरमध्ये गेलेला असतो, त्यामुळे कनेक्शन तुटलं असलं तरी ते बऱ्याचदा 'ठीक आहे' म्हणतं. खरी चूक एफफ्लश किंवा एफक्लोजच्या वेळी उघड होते.

दोन प्रवाह का लागतात?

एकाच प्रवाहावर वाचणं आणि लिहिणं दोन्ही करायची सोय लायब्ररीत आहे. पण सी भाषेचा नियम असा की लिहून झाल्यावर वाचायचं तर मध्ये फ्लश हवा किंवा फाईलमधली जागा बदलायला हवी. आणि वाचून झाल्यावर लिहायचं तर, फाईल संपलेली नसेल तर, जागा बदलायलाच हवी.

फाईलमध्ये मागेपुढे जाता येतं. सॉकेटमध्ये कुठे जाणार? वाहून आलेलं पाणी परत वर नेता येत नाही. सॉकेटवर एफसीक केलं की ते नापासच होतं. म्हणजे वाचून मग लिहिण्याचा नियम सॉकेटवर पाळताच येत नाही. चार वर्षं आधी, फाईलसाठी लिहिलेली लायब्ररी ती हीच. म्हणून जाणकार दोन वेगळे प्रवाह वापरतात.

मग एकाच डिस्क्रिप्टरवर दोनदा एफडीओपन का नाही? कारण एफक्लोज प्रवाहासोबत डिस्क्रिप्टरही बंद करतं. पहिल्या एफक्लोजने ३ नंबर बंद झाला. अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्राममध्ये तेवढ्यात तो ३ नंबर दुसऱ्याच फाईलला मिळू शकतो. मग दुसऱ्या एफक्लोजने तुम्ही भलत्याच फाईलचा गळा दाबता. डुपने हा प्रश्न सुटतो.

पण डुपचीही एक बाजू आहे. लिहिण्याचा प्रवाह बंद केला तरी दुसरी प्रत उघडी असल्यामुळे 'माझं बोलून संपलं' हा संदेश समोर जात नाही. तो पाठवायचा असेल तर आधी फ्लश आणि मग शटडाऊन हे फंक्शन वापरून फक्त लिहिण्याची दिशा बंद करावी लागते.

आणखी चार ठिकाणी सांभाळा

खिशात पत्र, दारात पोस्टमनची वाट: सिलेक्ट किंवा पोल ही फंक्शन्स सांगतात की सॉकेटवर वाचण्यासारखं काही आलंय का. पण ती फक्त कर्नलचा बफर बघतात. दोन ओळी एकदम आल्या, एफगेट्सने दोन्ही आपल्या बफरमध्ये ओढल्या आणि तुम्हाला एकच दिली, तर कर्नल म्हणणार 'काही नाही'. दुसरी ओळ खिशात असताना प्रोग्राम झोपून राहतो. म्हणून सिलेक्ट आणि स्टँडर्ड आय/ओ यांचं जमत नाही.

एकच निरोप दोनदा: बफरमध्ये मजकूर असताना फोर्क करून नवी प्रक्रिया बनवली, तर बफरचीही प्रत होते. पुढे दोघंही आपापला बफर रिकामा करतात आणि समोरच्याला तोच निरोप दोनदा मिळतो. तो निरोप 'रक्कम वळती करा' असा असेल तर काय होईल, विचार करा. फोर्कच्या आधी फ्लश करा.

अचानक मरणं: समोरच्याने कनेक्शन तोडलेलं असताना आपण लिहीत राहिलो की युनिक्स आपल्या प्रोग्रामला सिगपाईप हा सिग्नल पाठवतं. त्याचा नेहमीचा परिणाम म्हणजे प्रोग्राम तिथेच खलास. शेकडो ग्राहक सांभाळणारा सर्व्हर एका ग्राहकाच्या गेलेल्या रेंजमुळे बंद पडू शकतो. म्हणून सर्व्हरमध्ये हा सिग्नल दुर्लक्षित करून फंक्शनने दिलेली चूक तपासतात.

टीसीपीला वाक्यं कळत नाहीत: टीसीपी हा बाईटचा सलग प्रवाह आहे. तुम्ही दोनदा लिहिलं म्हणून समोर दोनदा मिळेल असं नाही. दोन्ही एकत्र येतील किंवा एकाचे तीन तुकडे होतील. निरोप कुठे संपतो हे तुम्हीच ठरवायचं, ओळीच्या शेवटाने किंवा आधी लांबी सांगून.

नेगलचा उपाय आणि ४० मिलिसेकंदांचा घोळ

वर आलेल्या जॉन नेगलने ४१ बाईटच्या पॅकेटवर उपायही सुचवला होता. आधी पाठवलेल्या मजकुराची पोच येईपर्यंत नवीन छोटा तुकडा पाठवू नका, साठवा. हा नेगल अल्गोरिदम आज टीसीपीमध्ये सर्वसाधारणपणे चालूच असतो.

त्याच काळात पलीकडच्या बाजूसाठी दुसरी युक्ती आली. पोच लगेच पाठवू नका, थोडं थांबा, उत्तरासोबतच पोच जाईल. दोन्ही युक्त्या आपापल्या जागी शहाण्या आहेत. एकत्र आल्या की मात्र घोळ होतो.

समजा, तुम्ही बफर न वापरता विनंतीचा अर्धा भाग पाठवला, मग उरलेला अर्धा, आणि उत्तराची वाट बघत बसलात. पहिला तुकडा जातो. दुसरा तुकडा नेगल अडवतो, कारण पहिल्याची पोच नाही. समोरचा पोच लांबवतो, कारण पूर्ण विनंती आल्याशिवाय त्याच्याकडे उत्तर नाही. लिनक्सवर ही अडवणूक साधारण ४० मिलिसेकंदांची, जुन्या बीएसडी प्रणालींवर २०० पर्यंत. एकामागून एक अशा शंभर विनंत्या केल्या तर ४० मिलिसेकंदांच्या हिशोबाने ४ सेकंद नुसते वाट बघण्यात गेले.

बरेच जण यावर टीसीपी नोडिले हा पर्याय लावून नेगल बंद करतात. तो उपाय चालतो. पण बफर नीट वापरला, दोन्ही भाग गोळा करून एकाच फ्लशमध्ये पाठवले, तर अशा छोट्या विनंतीत प्रश्न मुळात उभाच राहत नाही.

बफरचं भान सुटलं तेव्हा

२ नोव्हेंबर १९८८. कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने लिहिलेला एक प्रोग्राम इंटरनेटवर सुटला आणि स्वतःच्या प्रती काढत एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर पसरत गेला. हाच तो मॉरिस वर्म. त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक होती फिंगर नावाची सेवा.

ही सेवा नेमकी आपल्या विषयातलीच. आयनेटडी हा प्रोग्राम सॉकेट उघडून ते फिंगरच्या ० नंबरच्या इनपुटला जोडून देत असे. फिंगर मग गेट्स हे फंक्शन वापरून त्यातून एक ओळ वाचत असे. गेट्सला बफर किती मोठा आहे हे सांगायची सोयच नाही. फिंगरचा बफर होता ५१२ बाईटचा, आणि वर्मने पाठवले ५३६. जादाचे बाईट मेमरीत पुढे सांडले आणि मशीनचा ताबा गेला.

इंटरनेट तेव्हा लहान होतं, तरी अंदाजे ६००० मशीनना याची झळ बसली असं मानलं जातं. यानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट ही सुरक्षेची समन्वय संस्था उभी राहिली. सी भाषेतून गेट्स काढायला मात्र २०११ चं स्टँडर्ड यावं लागलं. आपण वर एफगेट्स वापरलं ते याचसाठी. त्याला बफरचा आकार सांगावाच लागतो.

दुसरी गोष्ट २०११ चीच. पोस्टफिक्स या प्रसिद्ध मेल सर्व्हरचे कर्ते वीत्से वेनेमा यांनी एक दोष उघड केला. ईमेलचं कनेक्शन आधी साधं सुरू होतं आणि 'स्टार्ट टीएलएस' ही आज्ञा दिली की त्यापुढचं बोलणं कुलूपबंद होतं. मधल्या वाटेवर बसलेला चोर त्या आज्ञेच्या मागे स्वतःच्या आज्ञा चिकटवू शकत होता. सर्व्हर सगळं एकदम बफरमध्ये ओढायचा, पहिली आज्ञा पाळून कुलूप लावायचा, आणि बफरमध्ये उरलेल्या चोराच्या आज्ञा कुलपाच्या आतून आल्यासारख्या पाळायचा! हाच दोष इतरही सॉफ्टवेअरमध्ये निघाला. उपाय एका वाक्याचा होता. कुलूप लावण्याआधी बफर रिकामा करा.

दोन्ही वेळा सॉकेट ठीक होतं, टीसीपीही ठीक होतं. बफरमध्ये किती मावतं आणि काय उरलंय, याचा हिशोब ठेवला गेला नव्हता.

मग ही पद्धत वापरावी की नाही?

ओळीओळीने बोलणारा साधा प्रोटोकॉल असेल, एका वेळी एकच कनेक्शन असेल, प्रॅक्टिकल किंवा छोटं टूल असेल, तर एफडीओपनची पद्धत उत्तम. कोड कमी, वाचायला सोपा.

एकाच वेळी शेकडो कनेक्शन सांभाळायची असतील, सिलेक्ट किंवा पोल लागणार असेल, न थांबणारं सॉकेट हवं असेल, तर स्वतःचा बफर लिहा. रीडने जमेल तेवढं वाचा, आपल्या जागेत साठवा, ओळ पूर्ण झाली का बघा. पन्नास-साठ ओळींचं काम आहे, पण सगळा हिशोब तुमच्या हातात राहतो.

टीएलएस हवं असेल, आणि आज बहुतेक ठिकाणी ते हवंच असतं, तर एफडीओपन थेट चालणार नाही. कारण डिस्क्रिप्टरवर आता कुलूपबंद मजकूर वाहतो. तिथे ओपनएसएसएलसारख्या लायब्ररीची स्वतःची बीआयओ नावाची बफर व्यवस्था वापरतात. विंडोजवरही वेगळा मामला आहे. तिथल्या विनसॉकमध्ये सॉकेट हा साध्या फाईलचा आकडा नसतो, त्यामुळे सेंड आणि रिसीव्हवरच काम करावं लागतं.

आणि तुम्ही सी सोडून जावा किंवा पायथॉनमध्ये असाल तरी या गोष्टी सुटत नाहीत. जावातलं सॉकेटवर चढवलेलं बफर्ड रीडर आणि पायथॉनच्या सॉकेटवरचं मेकफाईल यांच्या आत हीच कल्पना आहे. तिथेही फ्लश विसरलं की गाडी स्टँडवरच उभी राहते.

त्यामुळे पुढच्या वेळी तुमचा नेटवर्कचा प्रोग्राम काहीही एरर न देता गप्प बसला, तर राऊटर बंद-चालू करण्याआधी एकदा कोडमध्ये बघा. शेवटचा एफप्रिंटएफ आणि पहिला एफगेट्स यांच्या मध्ये एफफ्लश आहे ना?